वजा केलेली खिडकी

नेमके हे त्यांचं आडनाव नव्हे. कारखान्यातल्या कामगारांनी ठेवलेलं ते नाव, आणि लाडानं ठेवलेलं तर मुळीच नव्हे. हे गृहस्थ नोकरीभर कारखान्याच्या भांडारात बसले. हातमोजे, ग्रीस, खिळे, पुसायच्या चिंध्या, दिवे, साबण, जे काही कामगारांना लागे ते जाळीच्या आडून हेच द्यायचे. म्हणजे द्यायचे कसले, हातून सुटलंच तर सुटायचं. नवा बल्ब हवा असेल तर आधी जुना पुढे करा. साबणाची अख्खी वडी त्यांच्या हातून कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही. दोरा ताणून तिचे तुकडे करायचे आणि ज्याचे हात जास्त काळे त्याला जरा मोठा तुकडा. "नेमकं किती लागेल?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. समोरच्यानं आकडा सांगितला की त्याच्या निम्मं द्यायचं, कारण माणूस दुप्पटच मागतो असं त्यांचं पक्कं मत. कामगारही मग चौपट मागायला शिकले, पण ते नेमक्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी मोठे साहेब भाषणात म्हणाले, "यांच्या काळात भांडारातला एक खिळा वाया गेला नाही." मागून कुणीतरी ओरडलं, "मिळालाच नाही साहेब, वाया कुठून जाणार?" सगळे हसले. नेमकेही हसले. त्यांना ते कौतुक वाटलं.

निवृत्त झाल्यावर भांडार बंद झालं असं समजू नका, ते घरी आलं. चहाचं पाणी कपानं मोजायचं. कपड्यांच्या साबणावर बोटानं खूण करून ठेवायची. घरात वापरात असलेला एकूण एक दिवा खोलीच्या लांबीरुंदीचा हिशेब करून लावलेला, त्यामुळे घरात उजेड इतका बेताचा की पाहुणे आले की आधी उंबऱ्याशी डोळे चोळत. मुलगी लग्न होऊन गेली आणि घरी आली की स्वतःच्या पिशवीतून चहापत्ती आणायची. आईच्या हातात देताना ती वडिलांकडे पाठ करून उभी राहायची, आणि नेमके समजायचे की मुलगी काटकसर शिकली.

आता त्यांची बायको. इमारतीतल्या सगळ्यांची ती वहिनी, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनी शिवणकाम करायच्या. लहान मुलींचे फ्रॉक, उसवलेल्या विजारी, चादरींना पट्टी, शाळेच्या गणवेशाला काज आणि बटणं. मशीन होतं स्वयंपाकघर आणि आतली खोली यांच्यामधल्या बोळात, नेमक्यांनी हिशेब करून लावलेल्या दिव्याखाली. तो दिवा बोळाच्या क्षेत्रफळाला पुरेसा होता. सुईच्या नेढ्याला पुरेसा आहे की नाही हे क्षेत्रफळात बसत नसल्यामुळे कुणी मोजलं नव्हतं.

आतल्या खोलीला एक खिडकी होती. चांगली रुंद, पूर्वेकडची, बाहेर मोकळं आवार. आणि त्या खिडकीच्या तोंडाशी लोखंडी कपाट उभं होतं. ते तिथं नेमक्यांनीच ठेवलं होतं, घरात राहायला आले त्याच दिवशी. कारण पलंग एका बाजूला, दार दुसऱ्या बाजूला, आणि कपाटाचं दार पूर्ण उघडून पलंगाला न लागण्याची जागा त्यांच्या मापात तेवढी एकच बसली. खिडकीचं काय, असं वहिनींनी तेव्हा विचारलं होतं. नवीन लग्न, हळू आवाजात विचारलं होतं. "उजेड काय, दिव्याचाही येतो," असं उत्तर मिळालं. पुढे वहिनींचा आवाज वाढत गेला, पण उत्तर मात्र जागचं हललं नाही. वर्षानुवर्षं एकच पालुपद: "रंगकाम निघेल तेव्हा बघू. उगाच कोण कपाट सरकवत बसणार?"

आता हा काही हौसेमौजेचा प्रश्न राहिला नव्हता. वहिनींची नजर उतरत चालली होती. त्या वर्षी त्यांनी एका गणवेशाच्या गडद निळ्या फ्रॉकला काळ्या दोऱ्यानं शिवण घातली. बोळातल्या दिव्याखाली दोन्ही सारखेच दिसत होते. मुलीची आई फ्रॉक घेऊन परत आली, भांडली नाही, नुसतं म्हणाली, "राहू द्या वहिनी, मी दुसरीकडून उसवून घेते." भांडली असती तर बरं झालं असतं. त्या घरचे पुढचे गणवेश दुसरीकडे गेले. वहिनींना कळून चुकलं की खिडकीशी मशीन गेलं तर काम राहील, नाहीतर हळूहळू सगळंच सुटेल. त्यांनी ते नेमक्यांना सरळ सांगितलंही. नेमके म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढला असेल. सहा महिने थांब, एकदम किती वाढतो ते बघू, म्हणजे दोनदा काच बदलायला नको."

आणि मग एकदाचं रंगकाम निघालं.

ते काही वहिनींसाठी निघालं नाही. खालच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांनी घराला रंग काढला होता आणि रंगाऱ्याच्या भरवशावर डबे आणले होते. काम झालं तरी डबे उरले. ते जिन्याखाली एकावर एक रचून ठेवलेले होते आणि येताजाता नेमक्यांच्या डोळ्यांत खुपत. "अहो, अंदाज नावाची काही चीज आहे की नाही?" असं ते पोस्टमास्तरांना रोज ऐकवू लागले. शेवटी पोस्टमास्तर वैतागून म्हणाले, "तुम्ही काढा ना रंग. दाखवा आम्हाला अंदाज."

झालं. नेमक्यांच्या अंगात वारं संचारलं.

"दाखवतो," ते म्हणाले. "काम संपेल त्या क्षणी डबा संपेल. थेंब उरणार नाही आणि थेंब कमी पडणार नाही. रविवारी या बघायला."

रंग मात्र वहिनींच्या आवडीचा. हे त्यांनी उदार मनानं जाहीर केलं, तेही पोस्टमास्तरांसमोर. वहिनींनी शेडकार्ड बराच वेळ बोळातल्या दिव्याखाली धरलं, मग दाराशी नेऊन उन्हात धरलं, आणि फिकट पिवळा निवडला. घराचा जुना रंग होता गडद निळा, कारण गडदावर डाग दिसत नाहीत आणि मग तो लवकर काढावा लागत नाही. नेमक्यांनी नाक मुरडलं, पण शब्द दिला होता. एवढी मोठी निवड बायकोवर सोपवल्यावर भिंती कुठल्या ते आपण ठरवावं, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

मोजमापाचा दिवस उजाडला. नेमक्यांनी टेप काढला, कानावर पेन्सिल अडकवली, आणि वहिनींना दुसरं टोक धरायला उभं केलं. आकडेमोड भिंतीवरच. नाहीतरी ती रंगणारच आहे, मग कागद कशाला वाया घालवा? भिंतीची लांबी गुणिले उंची, आणि त्यातून वजाबाकी. वजाबाकी हा नेमक्यांचा खरा विषय. बेरजेत ते नुसते बरे होते, वजाबाकीत मात्र रंगून जात. दार वजा, ते कुणीही करतो. नेमक्यांनी दिव्याच्या बटणांची पाटी वजा केली. आरसा वजा केला. घड्याळ गोल असल्यामुळे त्याचं क्षेत्रफळ वेगळं काढून वजा केलं. पलंगाची फळी भिंतीला टेकते ती जागा वजा केली. बोळात कॅलेंडर लटकतं, त्याच्यापुढे जरा घुटमळले.

"अहो, कॅलेंडर दर वर्षी बदलतं," वहिनी म्हणाल्या.

"माप तेच असतं," नेमके म्हणाले आणि कॅलेंडर वजा केलं.

मग आतली खोली, पूर्वेची भिंत. नेमक्यांनी कपाटाच्या पुढून टेप लावला, कपाटाची उंची आणि रुंदी घेतली. भिंतीवर लिहिलं, कपाट वजा.

वहिनींच्या हातातलं टोक खाली आलं. "कपाटामागचं कशाला वजा? कपाट हलणार आहे ना?"

"टोक सोडू नको."

"रंगकाम निघेल तेव्हा बघू, म्हणत होता ना? आता निघालंय."

"हो, बघू ना," नेमके म्हणाले. त्या घरात ‘नाही’ हा शब्द फारसा वापरात नव्हता. त्याचं सगळं काम ‘बघू’वर भागत होतं. "आधी हिशेब होऊ दे. हां, आता खिडकी. दाराच्या निम्मी धरू." आणि त्यांनी भिंतीवर लिहिलं, खिडकी वजा.

वहिनींनी कपाटाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अहो, खिडकी तर कपाटाच्या मागेच आहे. कपाटात तीही गेली की."

"तू टोक धर."

"दोनदा वजा केलीत तुम्ही."

"प्रत्येक खोलीची दारं-खिडक्या वजा करायच्या हा नियम आहे," नेमके म्हणाले. "आता नियम मला तू शिकवणार? आयुष्य गेलं माझं यात."

वहिनींनी टोक धरलं. मग रविवारपर्यंत त्या हिशेबाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. कुणी त्याला समजूतदारपणा म्हणेल. मी म्हणेन, माणूस आपल्या पायानं खड्ड्याकडे निघालेला असला आणि दिलेला हात झटकत असला, तर चार पावलं मागं राहून चालण्यात काही पाप नाही.

कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात नेमक्यांनी आकडा सांगितला. दुकानदारानं डोकं खाजवलं. "काका, ही शेड मशीनवर मिसळून बनते. पुन्हा आणायला आलात तर डिट्टो तीच येईल असं नाही. एक छोटा डबा जास्त घेऊन ठेवा." दुकानाच्या बाकावर पोस्टमास्तर वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी पेपरच्या वरून बघितलं. नेमक्यांची छाती फुगली. "जास्तीचा डबा," ते जरा मोठ्यानंच म्हणाले, "ज्यांना मोजता येत नाही त्यांनी घ्यावा."

पोस्टमास्तर पुन्हा पेपरात शिरले. बातमी चांगली असावी, चेहरा खुलला होता.

रंगारी आला तो आपल्याच तोऱ्यात. हा गडीसुद्धा काही कमी नव्हता. त्याच्या अंदाजाची रीत एकच, लागेल तेवढा लागेल. त्याचा सगळा जीव कामातून सुटका कशी होईल याच्यात. नेमक्यांनी त्याला डबे दाखवून सांगितलं, "दोन हात मारायचे. यात होणार. ब्रश झटकायचा नाही, डब्याच्या काठाला निपटायचा." रंगाऱ्यानं डब्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "होईल की." हे तो सगळ्यांनाच म्हणत असे.

आतल्या खोलीत आल्यावर वहिनी पुढे झाल्या. "एवढं कपाट सरकवून घ्या आत्ताच. तुम्ही दोघं आहात, मी रिकामं करून देते. समोरच्या भिंतीला लावा."

रंगाऱ्यानं कपाटाला खांदा लावून पाहिला आणि लगेच काढला. "जड आहे काकू. काका म्हणतील तसं."

काका काय म्हणणार? "त्या भिंतीचा रंग धरलेला नाही हिशेबात," नेमके म्हणाले. "ती उघडी पडली तर सगळं गणित कोसळेल. कपाटावर चादर टाका आणि कडेनं रंगवा."

"बरोबर आहे," रंगारी म्हणाला. त्याची तेवढीच मेहनत वाचली.

बघा हं गंमत. आधी कपाट हलणार नाही म्हणून भिंत मोजली नाही, आणि आता भिंत मोजली नाही म्हणून कपाट हलणार नाही. असं गोल गोल फिरून जिथल्या तिथं पोचायला नोकरीभराचा अनुभव लागतो. वहिनी तिथंच उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही, पण नेमके तेव्हा डब्यात डोकावून पातळी बघत होते.

चार दिवस घरात चादरी, वर्तमानपत्रं आणि नेमक्यांच्या सूचना यांचा पसारा होता. रंगारी रोलर फिरवायचा आणि नेमके त्याच्यामागं उभे राहून, कुठे जाड बसला, कुठे ओघळ आला, ते बोटानं दाखवायचे. ओघळ म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. पहिला हात झाला. दुसरा हात बाहेरच्या खोलीला झाला, स्वयंपाकघराला झाला, बोळाला झाला. भिंतीवरची पेन्सिलची सगळी वजाबाकी पिवळ्या रंगाखाली गेली. घर उजळायला लागलं. नेमके येईल-जाईल त्याला थांबवून सांगत, "बघत राहा, शेवटचा फटका आणि शेवटचा थेंब एकदमच."

शनिवारी दुपारी आतल्या खोलीची शेवटची भिंत उरली, कपाटाच्या बरोबर समोरची. रंगाऱ्यानं वरून सुरुवात केली, दोन्ही कडा घेतल्या, मध्ये आला. रोलर डब्यात घातला तर तळ खरवडल्याचा आवाज आला. त्यानं डबा तिरका केला. नेमक्यांनी तो हातातून घेतला आणि उलटा धरला. मग बोट घालून आतून पुसून घेतलं आणि बोट भिंतीला लावलं.

"संपला," रंगारी म्हणाला.

भिंतीच्या मधोमध मोठा चौकोन राहिला होता. पहिल्या हातातून जुना निळा असा वर आला होता की जणू भिंतीला काळंनिळं पडलंय. केवढा होता म्हणता? तुम्हीच ओळखलं असेल. खिडकीएवढा.

"पाणी घाला," नेमके म्हणाले.

"कशात घालू काका? रंग असेल तर त्यात पाणी घालता येतं."

रंगाऱ्यानं हात धुतले. त्याला दुसरीकडे काम होतं. "छोटा डबा आणून ठेवा, सोमवारी येऊन मारतो," असं म्हणून तो शिडी उचलून गेला. छोटा डबा! म्हणजे त्याच दुकानात जायचं, त्याच बाकासमोर उभं राहायचं. शिवाय शेड जमली नाही तर ठिगळ जन्मभर भिंतीवर. आणि रविवार तर उद्याच होता.

पुढचे दोन तास नेमक्यांनी काय काय करून बघितलं ते सांगितलं तर तुम्हाला त्यांची दया येईल, म्हणून थोडक्यात सांगतो. बोळातलं कॅलेंडर आणून टांगलं, ते चौकोनाच्या मधोमध तिकिटासारखं दिसलं. आरसा लावला, तर आरशात त्यांचाच चेहरा, तो त्यांना बघवेना. पलंग उभा करून टेकवता येईल का याचं माप घेतलं. शेवटी ते पलंगावर बसले आणि समोरच्या चौकोनाकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी कमी पडलं होतं. म्हणजे त्यांच्यापायी लोकांना कमी पडायचं, ते वेगळं. स्वतःला कमी पडल्यावर कसं वाटतं याचा त्यांना काहीच अनुभव नव्हता.

मग त्यांची नजर मागं वळली. या घरात त्या चौकोनाला पुरून उरेल अशी एकच वस्तू होती.

वहिनी दाराशी गणवेशाच्या बटणांचा डबा घेऊन बसल्या होत्या, जिथं थोडा बाहेरचा उजेड येतो तिथं. नेमके घसा खाकरून म्हणाले, "मी काय म्हणतो, ते कपाट जर इकडे समोरच्या भिंतीला आणलं तर? खोलीही मोठी वाटेल."

वहिनींनी एक बटण उचललं, उजेडात धरलं, पुन्हा डब्यात टाकलं.

"बघू," त्या म्हणाल्या.

बघितलं मात्र लगेच. कपाट रिकामं झालं. शेजारचा एक धडधाकट मनुष्य हात लावायला आला, आणि एवढी वर्षं न हलणारं ते कपाट किंचाळत फरशीवरून सरकलं. समोरच्या भिंतीला टेकलं. चौकोन दिसेनासा झाला. कपाटाचं दार उघडून बघितलं तर पलंगाच्या कडेपासून चांगलं वीतभर लांब राहत होतं. म्हणजे इतकी वर्षं ते इथंही बसलं असतं. नेमक्यांनी टेप काढला आणि तसाच खिशात घातला.

इकडे खिडकीच्या तावदानांवर धुळीचा थर. कडी गंजून बसलेली. वहिनींनी तिच्यावर मशीनचं तेल सोडलं, बत्त्यानं दोन ठोके घातले, आणि दोन्ही दारं बाहेर ढकलली. उजेड आत आला तो थेट समोरच्या कपाटावर जाऊन पडला. वहिनींनी हाताचा पंजा डोळ्यांपुढे उघडला, उलटा केला, सुलटा केला. हातावर केवढ्या सुरकुत्या आल्यात, हे त्यांना त्या दिवशी दिसलं.

नेमक्यांना मात्र दुसरंच काही दिसलं. खिडकीच्या चारी बाजूंना, कपाटाच्या मापाची निळी भिंत उघडी पडली होती. बाकी सगळं फिकट पिवळं आणि मधे हा निळा पट्टा. एक ठिगळ झाकलं तर दुसरं उघडं.

"अगं, हे कसं दिसतंय!" ते हबकून म्हणाले. "उद्या पोस्टमास्तर येणार. पडदा लाव. चांगला मोठा, खालपर्यंत. शिवून टाक आजच."

"खिडकीवर पडदा?" वहिनी म्हणाल्या. "म्हणजे कपाट गेलं आणि कापड आलं. अंधार तोच ना?"

"निदान उद्यापुरता."

"उद्यापुरताही नाही." त्यांनी बोळातून मशीन ओढायला सुरुवात केली होती. "मला सोमवारी चार फ्रॉक द्यायचेत. तुम्ही पुढून उचला. आणि टेप नका काढू, मशीन बसतंय."

नेमक्यांनी मशीन उचललं. ते एवढं जड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी ते कधी उचललंच नव्हतं.

रविवारी सकाळी पोस्टमास्तर आले, चांगले इस्त्रीचे कपडे घालून, जणू परीक्षक म्हणून. नेमक्यांनी बाहेरची खोली दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं, बोळ दाखवला. रिकामा डबा दाराशी मुद्दाम मांडून ठेवला होता. पोस्टमास्तरांनी तो उचलून आत वाकून पाहिला. "मानलं बुवा," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच हार होती. नेमक्यांना वाटलं, निभावलं. ते आतल्या खोलीच्या दारात जरा आडवे उभे राहिले, पण पोस्टमास्तर त्यांच्या खांद्यावरून बघत आत आलेच.

आत वहिनी मशीनवर बसल्या होत्या. चष्मा काढून बाजूला ठेवलेला. मांडीवर निळं कापड, सुईत निळा दोरा. पोस्टमास्तर थबकले. त्यांनी आधी उजेडाकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग तिच्या भोवतीच्या निळ्या पट्ट्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समजल्याचा आनंद पसरला.

"अरे वा नेमके! खिडकी पाडलीत? बोलला नाहीत कधी! बाजूचं प्लास्टर नवीन म्हणून रंग राहिलाय वाटतं. पण काय उजेड आलाय हो खोलीत! आता वहिनींची कशी छान सोय झाली. हे बाकी मोठं काम केलंत, भिंत फोडायची म्हणजे चेष्टा आहे का?"

मशीन थांबलं.

नेमक्यांच्या तोंडाशी ‘हो’ आलं होतं. आयतं कौतुक, तेही पोस्टमास्तरांकडून, बायकोच्या सोयीसाठी भिंत फोडणारा नवरा म्हणून. घ्यायला काही मोजावं लागणार नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. हा माणूस या घरात दर आठवड्याला चहाला येतो, या खोलीच्या दारात उभा राहून वर्षानुवर्षं गप्पा मारतो, आणि याला इथं खिडकी होती हे ठाऊकच नाही. कसं असणार? तिनं एवढी वर्षं मागितली ती खिडकी कुणाच्या दृष्टीला पडलीच नव्हती. नेमक्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्या वळल्या नाहीत. एक हात चाकावर ठेवून, मान खाली घालून, त्या नुसत्या थांबल्या होत्या. त्या हाताकडे बघताना नेमक्यांना इतकी शरम वाटली की त्यांचे कान तापले.

"पाडली नाही," ते म्हणाले. "खिडकी होतीच. आम्ही राहायला आलो तेव्हापासून आहे."

"काय सांगता! मग मला कशी दिसली नाही कधी?"

"मी तिच्यासमोर कपाट लावलं होतं."

पोस्टमास्तरांना तो विनोद वाटला. ते मनापासून हसले, नेमक्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की खोलीत दुसरं कुणीच हसत नाहीये.